येण्याचे कारण

हे कुणाला सांगायचं नाही असं आईने मला शपथ घालून बजावलंय, आणि मी तशी सांगणारी नाहीच हो, वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही, पण तुम्हीच सांगा, रजिस्टरच्या रकान्यावर ‘येण्याचे कारण’ असं छापलेलं असेल तर माणसाने तिथे लिहायचं काय? मी जे दिसलं ते लिहिलं!

आई कॉलेजात ग्रंथपाल. मदतनीसाची जागा तीन वर्षं रिकामी, म्हणून शाळा सुटली की मी दाराशी बसून रजिस्टर लिहायचे. तर गेल्या महिन्यात प्राचार्य आले, हात पाठीमागे बांधून. ‘‘अहो बाई, ग्रंथालय म्हणजे काय नुसता अभ्यास? पुरेपूर उपयोग झाला पाहिजे! रोज साठ माणसं दाखवा. नाहीतर तपासणीला येणारी समिती काय ठरवेल ते ठरवेल, माझ्या हातात काही नाही.’’ नसणारच, पाठीमागे बांधलेत ना!

आई घाबरली. घरात कमावणारी ती एकटी. तिने दारावर पाटी लावली, ‘अभ्यास नसला तरी या.’ आणि तुम्हाला सांगते, आले की हो! होस्टेलच्या मुली पंख्याखाली केस वाळवायला, तिघं मोबाइल चार्ज करायला, गणिताचे निवृत्त सर झोपायला, कारण घरी दिवसभर टीव्ही, आणि वॉचमन काका बूट काढून पाय पसरायला. ‘‘पोरी, माझं नाव लिही, पण मी आत होतो असं लिहू नकोस हं!’’ आता हे कसं लिहायचं? मी जे दिसलं ते लिहिलं. ‘वॉचमन, पाय दुखणे, वीस मिनिटं.’ सुवाच्य अक्षरात.

आणि रडायला... मोठी मुलं इतकी रडतात हे मला माहीतच नव्हतं! निकालाच्या आठवड्यात तर नकाशांच्या कपाटामागे रांग. शेवटच्या वर्षाची एक ताई रोज यायची, जाडजूड पुस्तक उघडायची, तेही उलटं, अर्धा तास रडायची, मग तोंड पुसून मला विचारायची, ‘‘डोळे लाल दिसतात का गं?’’ घरचे परीक्षेआधीच तिचं लग्न उरकणार होते. उरकलं. आमचं एक माणूस कमी झालं.

म्हणून त्या दिवशी एकोणसाठ! पाच वाजत आलेले, समिती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि खोटं नाव घालणं मला जमत नाही. मी इकडे पाहते, तिकडे पाहते... तर सात नंबरच्या कपाटामागे आई, रुमाल तोंडात कोंबून. मी जे दिसलं ते लिहिलं. ‘ग्रंथपाल, रडणे, दहा मिनिटं.’ झाले साठ!

समितीच्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं हो! ‘‘झोप... केस... पाय... रडणे, रडणे, रडणे... वाचन, एक.’’ तो एक म्हणजे मी. मग साठाव्या ओळीवर थांबल्या आणि चष्म्यावरून आईकडे बघत राहिल्या. आई फरशीकडे. मी आईच्या चपलांकडे.

आणि निकाल काय लागला असेल? कौतुक! ‘‘जागेचा उपयोग उत्तम होतोय. खुर्च्या राहू द्या, पंखे वाढवा. पुस्तकं मात्र कुणाला लागत नाहीत असं दिसतं, ती गोदामात हलवा. आणि पुस्तकंच नाहीत म्हटल्यावर ग्रंथपाल...’’ पुढचं बोलल्या नाहीत. सभ्य आहेत.

घरी आई ओरडेल म्हणून मी ताट पुढ्यात घेऊन वाट बघत बसले. तर ती एवढंच म्हणाली, ‘‘अक्षर छान काढलंयस. बाहेर कुठे बोलू नकोस.’’ अहो, ओरडली असती तर बरं झालं असतं!

आज आम्ही गठ्ठे बांधतोय. सुतळी कापायचं काम माझं. आणि सकाळपासून माणसांची ही रीघ! ‘‘जरा ते गठ्ठे सरकवा हो, पाय मावत नाहीत!’’ मी मोजली, अठ्ठ्याऐंशी! इतकी कधीच आली नव्हती! पण लिहिणार कशात, रजिस्टरही कुठल्यातरी गठ्ठ्यात बांधलं गेलंय...

‘‘अगं ए, कुणाशी बोलत बसलीस? सरांना उठव आधी! त्यांच्या डोक्याखालचा गठ्ठा न्यायचाय, टेम्पो थांबलाय!’’

आले, आई! जाते हं मी... पण सर केव्हाचे गाढ झोपलेत, त्यांना वाटतंय हे अजून ग्रंथालयच आहे, आणि आता मी त्यांना हलवून कसं सांगू की...