छबुबाईला बेदाणाबाई कोणी केलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच माननीय विजयसिंह. तालुक्याहून वेळ काढून आलेल्या पर्यवेक्षिका प्रियदर्शनीताई. शाळेचे मुख्याध्यापक विठ्ठलराव गुरुजी. जिच्यासाठी हा मांडव घातला ती अंगणवाडीची सेविका छबुबाई. आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या जावा-नणंदा, लेकी-सुना, बापे माणसं आणि लेकरं, सगळ्यांना चंद्रभागाबाईचा रामराम.

तुम्ही किती विसरभोळे आहात ते आधी सांगून टाकते. पत्रिकेत 'मनोगत' म्हणून माझं नाव छापलंत, आणि नळावर घसरून माझा खुबा मोडलाय, दोन महिने मी बाजेवर पडून आहे, हे मात्र विसरलात. काल तिघं जण येऊन विचारून गेले, "आज्जी, उद्या किती वाजता निघताव?" मी म्हणलं, "बाज उचलायला चौघं आणा, लगीच निघते." हसावं का न हसावं म्हणून तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

अध्यक्षांचंही तसंच. विजयसिंह, तुमच्या पदाचा मान ठेवून सांगते, छबुबाईच्या अंगणवाडीतल्या पहिल्या वर्षीच्या लेकरांतले तुम्ही एक. येताना चड्डी विसरून यायचात. आता आठवणीनं जाकीट घालता, बघून बरं वाटतं.

मला अक्षरओळख नाही. मी बाजेवरून बोलते, नात वैष्णवी लिहून घेते, आणि तीच आता तुमच्यापुढं वाचतीय. मी 'हाय' म्हणते, ही 'आहे' लिहिते. मी 'लई' म्हणलं तिथं ही 'अतिशय' लिहायला निघाली, तेव्हा मी तिचा पेन काढून घेतला. बाकी सगळं माझंच धरा. वैष्णवी, इथं थांब. टाळ्या पडल्या तर पडू दे, नाही पडल्या तर पुढं वाच.

छबुबाईनं चौतीस वर्षं गावची लेकरं सांभाळली. वजन केलं, नाक पुसलं, खिचडी भरवली. ऊसतोडीला जाणारे आईबाप पोरं आज्जीपाशी टाकून जातात, त्या पोरांना दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आई म्हणून दुसरं कोण होतं, तुम्हीच आठवा. आता वय भरलं, नोकरी संपली. उद्या ती लातूरला चालली, बहिणीची लेक सुनिता तिकडं आहे, तिच्याकडं कायमची राहायला. चांगलं आहे. सुनिता जीव लावणारी पोर आहे. मला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

पण एक सांगायचं आहे. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

चार दिवसांमागं पत्रिका घरी आली. वैष्णवीनं मोठ्यानं वाचली, "सर्वांच्या लाडक्या बेदाणाबाई यांचा सेवापूर्ती व निरोप समारंभ." बॅनरवरही तेच आहे म्हणे. म्हणजे आत्ता, तुम्ही हे ऐकताना, छबुबाई त्या नावाखाली हार घालून बसलेली असणार.

मी विचारलं, "गं, हे नाव कावून छापलं?"

"आज्जी, सगळा गाव तेच म्हणतोय की. त्या लेकरांला बेदाणे द्यायच्या ना, म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? मला बी दिलेत की!"

त्या नावाची खरी गोष्ट आज दोघींनाच ठाऊक आहे. एक मी, दुसरी छबुबाई. बाकीच्या ज्या तिथं हजर होत्या, त्यातल्या काही गेल्या, काही विसरल्या. उद्या तीही जाणार. आज बोलले नाही तर हे माझ्या छातीवरच राहील, आणि आधीच माझ्यानं कूस बदलता येत नाही.

बावीस-तेवीस वर्षांमागं आमच्या मालकांनी द्राक्षं लावली. नाव घेते, आता रागवायला ते नाहीत, आसारामनं लावली. आमच्या भागात तेव्हा लोक म्हणाले, येडा झालाय. पहिला माल आला तर बाजारात नेईपर्यंत निम्मे घड पिचले. मग त्यांनी ठरवलं, बेदाणा करायचा. धारूरच्या वाटेला माळावर शेड उभं केलं. घड वेलीवर पुरती साखर भरेपर्यंत ठेवायचे. तोडले की पांढरी पूड आणि तेल मिसळलेल्या पाण्यात बुडवून काढायचे, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग शेडात एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायचे. वरून, बाजूंनी हिरवं कापड. वाऱ्याला चारी बाजूंनी मोकळीक, उन्हाला मात्र थेट आत यायची बंदी. पंधरा-वीस दिवस द्राक्षं सुकत राहतात आणि माणसं आभाळाकडं बघत राहतात. ढग आले की दाणा काळपट पडतो. चार किलोचा एक किलो होतो. आमच्या मालकांचंही त्या दिवसांत तसंच व्हायचं.

नंतरचं काम बायकांचं. वाळलेल्या घडाच्या काड्या मोडायच्या, पिवळा वेगळा, हिरवा वेगळा, काळपट वेगळा. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, न गेलेल्या पंधरा-सोळा जणी असायच्या. अंगणवाडी सुटली की दुपारी छबुबाई यायची. तिला कुणी बोलावलेलं नसायचं. मी तिथं आहे म्हणून यायची.

आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. ती नांदूरघाटची. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, कमरेएवढी. त्या भिंतीवरून ती हाक मारायची, "चंद्रभागे, मीठ हाय का गं?" मीठ तिच्या घरी असायचंच. ती हाक मिठासाठी नसायची. तिला मूल झालं नाही. नवरा नाथा भला माणूस. दुसरी कर म्हणणाऱ्यांना त्यानं उंबऱ्यावरून परतवून लावलं. तो गेल्यावर तिनं कुणापुढं डोळ्यांतून पाणी काढलं असेल तर ते त्या भिंतीपाशी, माझ्यापुढं.

तर एका दुपारी धारूरचे व्यापारी चाचा माल बघायला आले. मूठभर दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले. कुणीतरी विचारलं, "चाचा, ह्याला बेदाणा कावून म्हणतेत? दाणा तर हाय की."

चाचा म्हणाले, "बाई, बे म्हणजे बगैर. बेघर, बेकार, वैसाच बेदाणा. दाणा म्हणजे इसके अंदर का बी. बी नसलेला तो बेदाणा."

आणि मी, तुमची ही चंद्रभागाबाई, जिला कुठं गप्प बसावं ते कधी कळलं नाही, छबुबाईकडं बोट करून म्हणाले, "मंग आमची छबू बी बेदाणाच की!"

सगळ्या हसल्या. इतक्या हसल्या की चाचा मान खाली घालून दुसऱ्या जाळीकडं गेले. छबुबाईही हसली. हातातला घड तिनं पुरा केला, काड्या झटकल्या, पदर खोचला, आणि म्हणाली, "येते गं, लेकरांचे ताटं घासायचेत." ताटं ती घासूनच आलेली होती.

आठवड्यात ते नाव गावभर झालं. नळावर झालं, गिरणीत झालं. कुणी मुद्दाम नाही, कुणी वाईटपणानं नाही. मी तरी कुठं वाईटपणानं म्हणाले होते? मला फक्त हशा हवा होता. तो मिळाला.

पुढच्या सोमवारी ती शेडात आली आणि म्हणाली, "चंद्रभागाबाई, ते काळे पडलेले चाचा नेत न्हाईत ना?"

चंद्रभागे नाही. चंद्रभागाबाई.

"न्हाई नेत. खायला गोड हायेत, दिसायला काळे. का गं?"

"मला द्या. लेकरांला देते."

निवडले, धुतले, वाळवले, डब्यात भरले. दुसऱ्या दिवसापासून घरी जाताना प्रत्येक लेकराच्या तळहातावर पाच बेदाणे. एकेक चावायचा, अख्खा गिळायचा नाही, मग चूळ भरायची, असा कायदा. रोगट पोरींना जास्त. गरोदर बायांना भिजवून, वर नर्सबाईंची तंबी, "नुसत्या ह्यानं रक्त वाढत न्हाई, लोहाच्या गोळ्या बी खायच्या." ती तंबी छबुबाई घरोघरी पोचवायची. म्हाताऱ्यांना सांगायची, संध्याकाळी भिजत घाला, सकाळी पाण्यासकट खा, कोठा साफ राहतो. शिरा करणाऱ्या सुनांना सांगायची, आधी तुपात सोडा, टम्म फुगला की लगीच काढा, नाहीतर करपून कडू होतो. शेवयाच्या खिरीत मात्र शेवटी. हे सगळं ती कुठून शिकली देव जाणे. आमच्या शेडात आम्ही टनांनी बेदाणा केला, पण त्याचं काय करायचं ते गावाला तिनं शिकवलं.

आणि पोरं ओरडायला लागली, "बेदाणाबाई, मला! बेदाणाबाई, मला!" बघता बघता नावाचा अर्थच बदलला. मी उघडं टाकलेलं तिनं आपल्या हातानं झाकून घेतलं, आणि झाकताना गावाची लेकरं पोसली.

मला हे उमगायला चार उन्हाळे लागले. वैष्णवी तेव्हा तीन वर्षांची. चिकट तळहात दाखवत घरी आली, "बेदाणाबाईनं दिले." मी तिच्या पाठीत धपाटा घातला. "तसं म्हणायचं न्हाई!"

पोर रडत रडत म्हणाली, "मंग काय म्हणू?"

मी तिचा चिकट हात धुवून दिला. वैष्णवी, तुला हे आठवत नाही. काल लिहिताना तुझा पेन थांबला होता, ते मी बघितलं. वाच पुढं.

एकदा मी विषय काढला होता. काड्या मोडताना म्हणलं, "छबे, त्या दिवशी मी..." ती म्हणाली, "हात चालवा, ऊन उतरलं." तेवढंच. ती भांडली असती तर मला सोसलं असतं. ती भांडली नाही. माझ्या दोन्ही सुनांची बाळंतपणं तिनं केली, मालक गेले तेव्हा तेरा दिवस माझ्यापाशी बसली, आता खुबा मोडल्यावर दर दोन दिवसांनी येती. पण दारातून येती. चपला बाहेर काढून, "आत येऊ का?" विचारून, पाहुणी यावी तशी. भिंतीवरून हाक त्या दुपारनंतर एकदाही आली नाही. वीस वर्षं मी परसात भांडी घासताना एक कान तिकडं लावून आहे.

द्राक्षं गेली. बोअर आटले तसे वेल काढले. शेडाचा सांगाडा अजून माळावर आहे, त्यावर कुणीतरी दोडका चढवलाय. त्यातलं मला काही परत नको. मला त्या दुपारच्या आधीची दुपार हवी आहे. मिळत नाही, ठाऊक आहे.

आता आभार. प्रियदर्शनीताई, तुम्ही उन्हातून आलात, आभार. विठ्ठलराव गुरुजी, शाळेच्या सतरंज्या दिल्यात, मोजून परत न्या. माईकवाल्या बंकटचे आभार, त्याचा माईक इथवर बंद पडला नसेल तर. बॅनर छापणाऱ्या पोरांनो, तुमची चूक नाही. तुम्हाला जे नाव ठाऊक होतं ते खरंच आहे, ते तिनं कमावलेलं आहे. तो बॅनर ठेवायचा की उतरवायचा, ते फक्त छबुबाईनं सांगायचं.

भाषण संपवताना सभेची माफी मागायची असते, की बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सभेला मी काही लावून बोलले नाही. विजयसिंहाची चड्डी सोडली तर. जिला लावून बोलले ती एकटीच, आणि ती व्यासपीठावर बसलीय. छबे, तो शब्द माझा होता. दुसऱ्या कुणाचा नाही. सगळ्यांपुढं म्हणाले होते, म्हणून सगळ्यांपुढं परत घेते. माझं चुकलं. मला माफ कर.

वैष्णवीजवळ मी रिकामा डबा दिलाय. तो तू भर. मनात अढी अजून असेल तर समारंभाची पुरी आणि बुंदी भरून हिच्याच हाती पाठव. मी गुमान खाईन, काही म्हणणार नाही. नसेल, तर बुंदीला हात लावू नको. सामान बांधलं असलं तरी तवा आणि वरवंटा अजून बाहेर असतील. ज्वारीच्या दोन भाकरी थाप, एक तुझी, एक माझी. वर हिरव्या मिरचीचा खर्डा. आणि डबा हिच्या हाती देऊ नको, तू घेऊन ये. खर्डा जाडसरच ठेच, माझे दात अजून शाबूत आहेत.