डरमाच्या पाठीवरचे ठिपके

मी मूळचा मोताळ्याचा. बाप लोहार, भाता हालवता हालवता त्याले दम लागे, म्हनून मी बुलढान्याले येऊन लेथ मशीनवर लागलो, महाराष्ट्र तवा नवा नवाच झाला होता. आन काय सांगू तुम्हाले, माहा सोभावच संशयी. चहा आला तरी मी आदी कप पाहो, मंग चहा. बायको म्हने, लग्नात बी तुम्ही अंतरपाटाखालून माहे पाय पाहून घेतले. पाह्यले, खोटं कायले बोलू.

मोटारीच्या चाकात लोखंडाचा डरम रायते, ब्रेक त्याले आतून घासते, घासून घासून नाल्या पडतात, मंग थो मी लेथवर सफा करून दे. पन दर टायमाले पातळ होते ना थो, आन लय पातळ झाला का उतारावर ब्रेक दाबताच फुटते. म्हनून हरेक सफाईले मी त्याच्या पाठीवर पंचानं, म्हंजे टोकदार पोलादी खिळ्यानं, एक ठिपका मारो. तीन ठिपके झाले का काम बंद, नवा आना.

एक दिवस किसन डायवर आपल्या सेठच्या जुन्या काळ्या मोटारीचे डरम घेऊन आला. म्हने, सेठ मोटार गावातल्या एका डॉक्टरले इकून राह्यले, चकाचक पाह्यजे. ठिपका एकबी नाई. पन पाठ कानशीनं ताजी घासेल, आन ठोकून पाह्यलं त आवाज पातळ. मी समजलो, ह्या किसन्याचंच काम. थिकडे डॉक्टर बायका-पोरं घेऊन राजूरचा घाट उतरन, आन हा माह्यासमोर बिडी ओढून राह्यला.

मी म्हनलो, बोलाव तुह्या सेठले. सेठ आले. म्हनलो, सफा करून देतो, पन मंग तुम्ही अन् मी ह्याच मोटारीत घाट उतरू, मोताळ्यात चहा पिऊ. सेठ म्हने, मले टाइम नाई. उद्या? उद्याबी नाई. शेवटी नवे डरम आनाले कबूल झाले, अन् जाता जाता किसनवर खेकसले, तुले हे डरम मलकापूरले ने म्हनलं होतं ना.

सेठ गेले तसं मी इचारलं, मंग इथं काऊन आला बे? थो म्हने, ठिपके सेठनं माह्याच हातून घासून घेतले, मिस्त्री. नाई म्हनलो असतो त नवकरी गेली असती. तुम्ही कोनावरच इसवास ठेवत नाई, म्हनून तुमच्याकडे आनले.

मले लय लाज वाटली.

आता हात थरथरतात, लेथ बंद हाये. घाट उतराचा असला का मी अजूनबी डायवरले इचारतो, ब्रेक कोनं पाह्यले, कवा पाह्यले, लोक हासतात. किसन वारला, त्याचा पोरगा एसटीवर डायवर हाये. त्याच्या गाडीत मात्र मी गुमान बसतो. सुखी राहो बापा थो.