सहा वाजता बंद

...नाही, माझं म्हणणं एवढंच की कंपनीनं विद्यापीठाशी करार केला ना, करा, खुशाल करा, पण चाळीस पानांच्या त्या करारात एका तरी पानावर मेन स्विच कोण बंद करतो हे लिहायचं की नाही? तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं मी या वर्कशॉपचा अटेंडंट. सकाळी आठला स्विच वर, संध्याकाळी सहाला खाली. अंगात ताप असो, सासरे वारलेले असोत, सहाला हा हात खाली आलाच. कारण नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोणीतरी मशीन चालू ठेवून घरी गेला आणि अर्धं वर्कशॉप जळालं. तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, "बाबा रे, बाकी काही नाही केलंस तरी चालेल, पण जाताना तेवढं बंद कर." मी शब्द दिला. आता दिलेला शब्द म्हणजे काय करारापेक्षा खालचा झाला?

तर कंपनी आली. माझी लेथ मशीनं गेली मागच्या शेडमध्ये, त्यांच्या जागी काचेच्या भिंती, बसलं की खाली खाली जाणाऱ्या खुर्च्या आणि बारा काळे कॉम्प्युटर. म्हटलं, आपला गाशा गुंडाळायची वेळ आली. पण कंपनीच्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही इथंच राहायचं, या इमारतीची नाडी तुम्हालाच ठाऊक." आणि मला जाकीट दिलं हो, निळं, छातीवर माझं नाव शिवलेलं. सत्तावीस वर्षांत विद्यापीठानं माझं नाव पगारपत्रकावरसुद्धा धड लिहिलं नव्हतं. उपकारच आहेत, मी नाही म्हणत नाही.

योजना अशी की बारा मुलं निवडायची, तीन महिने शिकवायचं, प्रत्येकानं एक काम पुरं करून दाखवायचं, ज्याचं पुरं त्याला कंपनीत नोकरी. आणि त्या बारांत आमची पुतणी. थोरला भाऊ गेल्यापासून आमच्याच घरात वाढलेली, तिच्या आईची सगळी मदार या नोकरीवर. तिचं काम काय, तर मशीनला लाखभर स्क्रूंचे फोटो दाखवायचे आणि चांगला कोणता, वाईट कोणता हे शिकवायचं. मी म्हटलं, "अगं, माझ्या हातात दे, अंगठा फिरवून सांगतो." तर म्हणते, "काका, तुम्ही एकच आहात ना, कारखाने किती." बरोबर आहे. तर त्या शिकवणीला लागतात सलग तीस तास. आता आठ ते सहा म्हणजे किती? दहा. पण हा हिशेब मला कोणी सांगितला होता का?

मग सुरू झाला गोंधळ. रोज सकाळी पोरं येतात, बघतात तर काय, कालचं सगळं गायब, पुन्हा पहिल्यापासून. बाराच्या बारा जणांचं तेच. कारण पोरं येणार दहाला, जाणार पाचला आणि मी आठलाच सगळं चालू करून, खुर्च्या पुसून मोकळा. दिवे लुकलुकतायत, कोणाला शंका येणार? पडद्यावरून कंपनीचे इंजिनिअर बोलायचे, हनुवटी चोळत, "हं... इंटरेस्टिंग आहे." आठ जण तीन आठवडे इंटरेस्टिंग म्हणत होते. आमचे विभागप्रमुख टाय सारखा करत म्हणायचे, "आमच्या बाजूनं सगळं व्यवस्थित आहे." आणि पुतणी घरी जेवायची नाही, नुसती ताटाकडे बघत बसायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचो, म्हणायचो, "कोण मेला करतोय हे, एकदा सापडू दे मला."

शेवटी चार दिवस उरले. बाई म्हणाल्या, हे नेमकं कधी बंद पडतं ते बघायला कोणीतरी बसायला हवं. मी जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हटलं, "तुम्ही सगळे घरी जा, मी आहे ना." गेले बिचारे. मी खुर्ची मांडून बसलो, डोळ्यांत तेल घालून. साडेपाच झाले, पावणेसहा झाले, बाराही व्यवस्थित चालू. सहा वाजले. मी उठलो, स्विचपाशी गेलो, हात खाली... आणि अंधार. त्या अंधारात तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा मला कळलं की तो मेला कोण.

घरी गेलो तो न जेवताच पांघरूण ओढून पडलो. सकाळी पोरं जमल्यावर सगळ्यांसमोर बाईंना सांगितलं आणि जाकीट काढून टेबलावर ठेवलं. पुतणीकडे बघायची छाती होईना. बाईंनी विचारलं, "काका, इतक्या दिवसांत तुम्हाला कोणी काही विचारलं?" म्हटलं, "नाही." "मग जाकीट घाला. चूक आठ इंजिनिअरांची आहे." आणि तेवढ्यात पुतणी म्हणाली, "माझं कालचं गेलेलं नाही." सगळे तिच्या पडद्यावर वाकले. कार्टीनं कालच करून ठेवलं होतं, दर तासाला झालेलं काम जपून ठेवायचं आणि बंद पडलं तर तिथूनच पुढे. मी म्हटलं, "हे तुला कोणी शिकवलं?" तर म्हणते, "कोणी नाही. बंद करणारा सापडत नाही, मग तो रोज येणारच असं धरून चालले."

बाराही जणांचं काम वेळेत पुरं झालं, स्विच वरच होता ना. पण नोकरीचं पहिलं पत्र तिला आलं. बाई म्हणाल्या, "हे आमच्या अभ्यासक्रमातच नव्हतं." वहिनीनं ते पत्र मला वाचायला दिलं आणि मला वाचता येईना, खोटं कशाला बोलू. आता दर तुकडीला एक दिवस मला बोलावतात, कोणाला न सांगता स्विच पाडायला. वेळापत्रकात चक्क माझा तास आहे. उपकारच आहेत, मी नाही म्हणत नाही.

फक्त एक दिवस. बाकी दिवस त्या स्विचला झाकण, झाकणाला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे? त्या लॅबच्या नव्या इन्चार्जकडे, म्हणजे आमच्या पुतणीकडे. सहा वाजले की माझ्या हाताला मुंग्या येतात. शब्द दिलाय ना मी. मग घरी पोचलो की चप्पल काढायच्या आधी घरचा मेन स्विच खाली पाडतो. बायको स्वयंपाकघरात अंधारात सुरी धरून उभी राहते आणि विचारते, "झालं?" मी म्हणतो, "झालं." ती म्हणते, "मग लावा आता, बोट कापेल माझं." एवढंच म्हणते, रोज. उपकारच आहेत तिचे, मी नाही म्हणत नाही.