पिशवीत राहिलेला मोठा ग्लोव्ह

या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या समर्थक मंडळाच्या प्राण, आर्डिस ट्वेटनबाई. व्यासपीठावर विराजमान असलेले महापौर ऑल्सगार्डसाहेब, ज्यांचं भाषण आत्ताच संपलं आणि त्याबद्दल आपण सगळे त्यांचे ऋणी आहोत. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर, वेंडेल क्रॅबट्री. आणि समोर कॉफी निवत ठेवून माझ्याकडे पाहणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी गस पेट्राकिस. गेली दोन वर्षं आपल्या थ्रेशर्स या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक, आणि त्याआधी सात हंगाम याच संघाचा कॅचर. कॅचर म्हणजे पिचरचा चेंडू झेलायला जन्मभर उकिडवा बसलेला माणूस. उभं राहून बोलायची सवय नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आपला संघ कसा, हे तुम्हाला मी काय सांगणार? मोठ्या संघांनी ज्यांना "बरं, या आता" म्हणून वाटेला लावलं, ती सगळी मंडळी आपल्याकडे. कुणाचा खांदा गेलेला, कुणाचं वय झालेलं, कुणाचं नशीबच रुसलेलं. नऊ-नऊ तास बसमध्ये गुडघे पोटाशी घेऊन जायचं, तुमच्यापैकीच कुणाच्या तरी तळघरातल्या खोलीत उन्हाळा काढायचा, आणि रोज एकच आशा, की कुणीतरी बघायला येईल आणि परत बोलावणं येईल. बोलावणं आलं, की कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर काळ्या शाईनं आपलं नाव लिहायचं आणि सामान उचलायचं, अशी आपली रीत. त्या दारावर आज चौदा नावं आहेत. वेंडेलचं नाही. माझं आहे.

ते कसं, हे सांगायलाच मी उभा आहे. कौतुकाचं भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहू दे.

वेंडेल इथे आला तेव्हा तिशीचा होता. देशातल्या सर्वांत वरच्या संघांत अकरा दिवस खेळून आलेला गडी. पण खांदा फाटला आणि चेंडूचा वेग गेला. दुसरा असता तर गाशा गुंडाळून घरी गेला असता. यानं आर्डिसबाईंच्या कोठारामागे नवा चेंडू शिकायला घेतला. नकलबॉल. नखांनी धरायचा आणि गिरकी न देता सोडायचा. मग तो कुठे डुलेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, तर मारणाऱ्याला कुठून असणार? आणि झेलणाऱ्याला? माझं नाक डावीकडे का कललंय, असं शाळेतली मुलं विचारतात. त्याचं उत्तर इथे माझ्या उजव्या हाताला बसलंय.

आर्डिसबाई अंगणातून ओरडायच्या, "अरे मेल्यांनो, तुमच्या दणदणाटानं माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या!" त्यावर वेंडेल म्हणायचा, "बाई, गस तर कोंबड्यांपेक्षा जास्त घाबरलाय, पण बसलाय की नाही बिचारा!"

असल्या चेंडूसाठी कॅचर मोठा ग्लोव्ह घालतो, सुपाएवढा. वेंडेलनंच तो मागवून मला दिला होता. त्यात चेंडू सापडतो खरा, पण त्यातून तो चटकन बाहेर निघत नाही. पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे, म्हणजे पुढच्या टप्प्याकडे, चोरून पळणाऱ्याला फेक करून बाद करायचं असेल, तर तेवढ्या उशिरानं घात होतो.

सहा वर्षांपूर्वीच्या जुलैतली रविवारची दुपार. आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी बर्फ वितळल्यापासून फोन करकरून एका मोठ्या संघाचा पारखी माणूस बोलावला होता. वेंडेलचा नकलबॉल बघायला, फक्त त्यासाठी! गवती टोपी घातलेला तो गृहस्थ जाळीमागे येऊन बसला. वेंडेल तेहतीस वर्षांचा, दुसरी संधी कसली मिळते? माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गस, आज फक्त झेल बाबा. बाकीचं मी बघतो."

आणि मी काय केलं? मोठा ग्लोव्ह पिशवीतच ठेवला आणि छोटा घातला. मलाही एकतिसावं लागलं होतं हो! मनात आलं, हा माणूस आलाच आहे, तर माझ्या हाताची फेकही बघून जाऊ दे. पण छोट्या ग्लोव्हातून नकलबॉल निसटणार आणि त्या टोपीवाल्यासमोर माझी शोभा होणार. म्हणून मी सरळ चेंडूच मागत राहिलो. कोणता चेंडू टाकायचा याची खूण करायचं काम कॅचरचं. नको असेल तर पिचरनं आडवी मान हलवायची. वेंडेलनं एकदाही मान हलवली नाही. त्या फाटक्या खांद्यानं तो सरळ चेंडू टाकत राहिला आणि समोरचे झोडपत राहिले. एक चेंडू तर पेंडीच्या गिरणीच्या छपरावर जाऊन पडला. चौथ्या डावात त्याला बाहेर काढलं. मी तोवर दोन पळणारे बाद केले होते.

चार दिवसांनी फोन आला, तो माझ्यासाठी. दारावर नाव लिहायला शाईचं पेन कुणी आणून दिलं? वेंडेलनं. वर पाठीत धपाटा घालून म्हणाला, "जा लेका, आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस!" पाच आठवड्यांत तिथून नारळ मिळाला आणि मी तोंड दाखवायला परत आलो. त्यानं माझ्या खुंटीवर दुसऱ्या कुणाला कपडे टांगू दिले नव्हते.

वेंडेलला बघायला मात्र पुन्हा कुणी आलं नाही. नकलबॉलही त्यानं हळूहळू कमी केला. आपण म्हणालो, वय झालं.

गेल्या गुरुवारी आम्ही दोघं सामान आवरत होतो. तो सहज म्हणाला, "गस, त्या रविवारीच मला कळलं होतं." मी विचारलं, "काय कळलं?"

"की माझ्या चेंडूत जीव उरला नाही. अरे, त्याची पारख तुझ्याएवढी कुणाला? तूच मागेनास, तेव्हा मी काय ते समजलो. तोंडावर बोलला नाहीस, माझी लाज राखलीस. उपकार आहेत बाबा तुझे."

उपकार! आणि मी त्यावर काय बोललो असेन? "कॉफी घेतोस का?" असं विचारलं. जनाची नाही, मनाची तरी वाटायला हवी होती.

वेंडेल, उठू नकोस, ऐक. त्या दिवशी सामन्याआधी तू मला पाच चेंडू टाकलेस. त्यातला एकही माझ्या हाताला लागला नाही. इतका जिवंत चेंडू मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि म्हणूनच मी तो मागितला नाही. सहा वर्षं तू स्वतःच्या हाताला दोष देत बसलास. हात चांगला होता. मी भित्रा होतो.

हा तो मोठा ग्लोव्ह, या टेबलावर ठेवतो.

मंडळी, आर्डिसबाईंनी मला बोलू दिलं, चर्चच्या भगिनींनी जेवण रांधलं, आणि तुम्ही नऊ वर्षं आमच्यासारख्या फुटक्या नशिबाच्या पोरांना घरात घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर तुम्ही मोठ्या मनाचे आहात, पोटात घालाल.

वेंडेल, तू घालू नकोस. सात वर्षं मी जी खूण केली तिला तू हो म्हणत आलास. आता मी तुझ्याकडे माफी मागतोय. आज एकदा तरी आडवी मान हलव.