मुकादमाचा गुडघा

घोडेगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघून सुनीतीबाई मास्तरीण पार वैतागल्या होत्या. तेवढ्यात दुष्काळी कामावरून परतणाऱ्या गोजरबाईचं नि तिला फाट्यावर भेटलेल्या धाकट्या जावेचं बोलणं कानी पडलं, आणि त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

“माझी खडी रोज मापाची पाच खोकी भरायची. गेल्या हप्त्यात रोजची चारच!”

“हात थकलं आसतील, अक्का.”

“मुकादम बी त्येच म्हनला. म्या म्हनलं, मला पाढं येत न्हाईत, पन घमेली मोजता येत्यात. आदी वीस घमेल्यात खोकं भरायचं, आता पंचवीस लागत्यात.”

“मग वं?”

“खोकं म्हंजी नुस्त्या चार फळ्या, बूड न्हाई. म्हनलं, मुकादम, जरा आत हुभं ऱ्हावा. ऱ्हायला. फळी आली अर्ध्या मांडीला!”

“आन् मग?”

“खोकं उचलून सपाटीला ठिवलं. तिथं फळी गुडघ्यालाच!”

“म्हंजी खोक्याखाली...”

“खड्डा! खनून ठिवल्याला!”

“अगं बया! आन् आता?”

“आता रोज सकाळी आदी मुकादम खोक्यात हुभा ऱ्हातो. आमी समद्या बाया गुडघा बघतो, मगच खडी पडती.”