दम

सौमित्र : काका, तुमच्या इकडे यायच्या विमानाचं नंतर बघू. आत्ता फोन ठेवू नका. धनेश जिवंत आहे.

दामाजी : थांब, होडीचं मशीन बंद करतो... हां. तू त्याचा डायव्हिंगचा मास्तर ना? डोंबिवलीवाला? मग पोराला फोन दे.

सौमित्र : देतो. आधी ऐका. आम्ही टुरिस्टना प्रवाळ दाखवायला बेटाजवळ खाली गेलेलो. धनेशच्या तोंडातली हवेची नळी निसटली. दुसरी त्याच्या छातीवरच होती, काका! पण त्याने तोंड मिटलं, दम धरला आणि सुसाट वर आला.

दामाजी : बरोबरच केलं त्यानी. ठान्याच्या खाडीत मीच शिकवलंय त्याला.

सौमित्र : खाडीत बरोबर. तिथे तुम्ही दम वरून घेऊन जाता. इथे खोल पाण्यात टाकीतली हवा घेतो आपण. वर येताना तीच हवा छातीत फुगते. फुप्फुस फाटलं त्याचं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरले.

दामाजी : आई एकवीरे...

सौमित्र : ते बुडबुडे जिरवायला त्याला बंद लोखंडी खोलीत ठेवलंय, हवेचा दाब वाढवून. तो दाब आता हळूहळू उतरवायचाय. तेवढा वेळ श्वास चालूच हवा. हा घाबरून पुन्हा दम धरतोय. दाब उतरताना धरला तर जाईल, काका. सिस्टर सांगून थकल्या, मी थकलो. आत स्पीकर आहे. बोला तुम्ही.

दामाजी : गनपतीपासून बोलत नाय तो माझ्याशी.

सौमित्र : बोला ओ!

(स्पीकरची खरखर.)

दामाजी : धनेश... पोरा, मी बाबा. घाबरू नको. दम धर, बाला. दम धर!

सौमित्र : काका! काय बोललात! धरला त्याने!

दामाजी : आरं देवा... मी म्हंजे धीर धर म्हनून... सोड! धनेश, सोड दम!

सौमित्र : नाही सोडत. छाती हलत नाहीये. दाब उतरवणं थांबवायला सांगितलंय मी.

दामाजी : आयक, धनेश. शिवी दे मना.

धनेश : ...

दामाजी : गेलास तवा दारात काय बोललास? बाबा, तुझी खाडी म्हंजे गटार. बोल परत.

धनेश : ...

दामाजी : नाय बोलत? बरं. होडी इकली मी.

धनेश : ...क्... काय?

सौमित्र : सोडला! श्वास सोडला! थांबू नका!

दामाजी : भंगारात दिली. माजिवड्याला.

धनेश : खोटं... खोटं बोलतंस...

दामाजी : तिच्यावर तुझ्या आयचं नाव होतं ना? मीच खरवडलं. खिल्यानी.

धनेश : आयचं नाव... हरामखोर म्हाताऱ्या... तू... तू बाप नाय माझा...

सौमित्र : उतरतोय, काका. दाब उतरतोय.

धनेश : मेलास तरी... नाय येनार मी... ऐकतंस?

दामाजी : ऐकतोय, पोरा. अजून बोल.