सोलो अल्बममधला हात

नाही नाही, हलू नका काका, तसेच बसा — हां, हनुवटी थोडी खाली, कान दोन्ही दिसले पाहिजे, बसपासाच्या फोटोले कान लागतातच, काहून लागतात ते मले विचारू नका — हा लाइट जुना हाय, गरम व्हाले वेळ घेते, म्हणून तोवर सांगून राहिलो. तर चूक कोणाची? तुम्हीच सांगा. म्हणजे सांगू नका, तोंड बंद ठेवा. बाहेर पाटीवर काय लिहिलं हाय? 'चंद्रकला फोटो स्टुडिओ — लग्न, वास्तू, बारशाचे अल्बम.' चंद्रकला म्हणजे माझी आई. आता अशा दुकानात येऊन कोणी म्हणते, "गोविंदा, सोलो अल्बम काढून राहिलो गा, त्याचं काम तू कर," तर गोविंदा काय करन? अल्बम करन. इतवारीत कोणालेही विचारा.

हा कोण? हा पियुष. बँडमध्ये गिटार वाजवते. बँडचं नाव लोडशेडिंग — हसू नका जी, दात नको — नाव चांगलंच होतं, फक्त एका गॅदरिंगले निवेदकानं माइकवर सांगितलं, "आणि आता लोडशेडिंग," तर अर्धी लोकं चपला शोधाले लागली. तर या पियुषनं तिकडे जरीपटका वस्तीतल्या एका खोलीत भिंतीले गाद्या लावून एकट्यानं आठ गाणे रेकॉर्ड केले. त्याले म्हणते सोलो अल्बम. त्याले पाहिजे होता त्यावर लावाले एक फोटो, मोबाइलवर दिसते तेवढा चौकोन. पण मले काय माहीत? सोलो म्हणजे एकट्याचा, अल्बम म्हणजे अल्बम. मी चाळीस पानाचा करिझ्मा केला, लग्नात देतो तो अल्बम. जाड पानं, चमकीचं कव्हर, वरून मखमली पेटी.

आता तुम्हाले माहीतच असन, लग्नाच्या अल्बमचे साचे तयार राहते. मागं स्वित्झर्लंड, पुढं गुलाबाच्या पाकळ्या, मधात दिल — अन् दिलात जागा दोन. एकात पियुष टाकला. दुसऱ्यात काय टाकू? अँप्लिफायर टाकला. खाली 'एकमेकांसाठीच जन्मलो' असं छापलेलं राहते, ते काही निघत नाही. एका पानावर तो हंसाच्या तळ्याकाठी गिटार घेऊन बसला, एका पानावर ताजमहालाच्या खिडकीतून स्वतःलेच पाहून राहिला. फोटो कुठून आणले? बँडचेच होते, चौघांचे. बाकीचे कापले. ड्रमवाला गौरांग कापला. गाणारी मिनल कापली, तिचे केस त्याच्या कानाशी थोडे राहिले, ते मी वाऱ्यात गेले असं दाखवलं. अन् एक हात राहिला. त्याच्या खांद्यावर, जवळजवळ प्रत्येक फोटोत. कडं घातलेला. लय प्रयत्न केला, तो हात काही निघेचना.

कोणाचा म्हणजे? माझाच न. मान सरळ ठेवा, माझ्या हाताकडे काय पाहता, कॅमेऱ्याकडे पहा.

पुढचं ऐका. अल्बम घरी पोचवला तेव्हा पियुष नव्हता, त्याच्या आईनं, अंजूकाकूनं घेतला. काकू खूश. पोरगा किती गोरा आला म्हणे. अन् रविवारी सावनेरचे पाहुणे आले पोरगा पाहाले — ताराचंदजी अन् त्यांची पोरगी वैभवी. पोह्यासंगं काकूनं अल्बम समोर ठेवला. ताराचंदजी पान पलटवून राहिले. एकटा. अजून एकटा. दिलात एकटा. अन् हर पानावर खांद्यावर तो कड्याचा हात. वीस पानं झाल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली अन् हळूच विचारलं, "पहिली कुठं हाय?" काकू म्हणे पहिली कोण? ते म्हणे, जिले कापलं ते. झालं! काकू देवाची शपथ घेऊन राहिली, पियुष म्हणते हा सोलो हाय, ते म्हणते सोलो कसा झाला तेच तर विचारून राहिलो.

शेवटी त्या वैभवीनं अल्बम ओढून घेतला. म्हणे, बाबा, या हातावरचे केस पहा, ही काय बायको हाय का? अन् असी हसली म्हणे ते पोरगी, असी हसली. मंग तिनं पियुषले विचारलं, हा कोणाचा? तो म्हणे, आमच्या बेसवाल्याचा, मित्र हाय. तर ती म्हणे —

"मंग त्याले काहून कापलं?"

हे सगळं मले अंजूकाकूनंच फोनवर सांगितलं, शिव्या देता देता.

बेस म्हणजे ते चार तारेचं, गिटारसारखंच, पण गाण्याच्या खालचा जाड सूर देते. लोकं विचारतात, दोन तारा लावाच्या राहिल्या का? अकरा वर्षं वाजवला जी. पियुषच्या उजव्या बाजूले, दोन पावलं मागं. आता अकरा वर्षं बँडमध्ये राहून अल्बम म्हणजे काय ते मले माहीत नसन का? काल एका नवरदेवामागची अख्खी म्हैस मी दोन मिनिटात काढली, मले माझा हात काढता येत नाही? तो जेव्हा म्हणाला न, सोलो — मले राग आला. राग नाही, वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. आठ गाणे केले अन् एकदाही म्हटलं नाही, गोविंदा, ये. आला तो फक्त फोटोसाठी. म्हणून म्हटलं घे, पाहा एकट्याले चाळीस पानं. पण हात कापाची वेळ आली अन् — ते जाऊ द्या. लाइट झाला गरम. सरळ बसा. एक, दोन —

थांबा, फोन वाजला. त्याचाच मेसेज हाय. 'पाहुण्यांनी होकार दिला. गाणे ऐकले वैभवीनं. म्हणे यात खालचं काहीतरी कमी हाय. बेस घेऊन ये.'

मी नाही जाणार. काहून जाऊ? सोलो हाय न त्याचा? बस म्हणा एकटाच. हां, काका, इकडे पहा. एक, दोन, तीन.

झालं. नाही झालं. हा पहा, पुरा हललेला आला, तुमचे कान चार दिसून राहिले. तुम्ही काहून हलले? नाही हलले? मंग कोण — बरं, मीच हललो. उद्या या जी, उद्या मस्त काढून देतो. पास एका दिवसानं कुठं पळून चालला? उठा, तुमची पिशवी राहिली, अन् जाता जाता तेवढं शटर ओढून घ्या — दोन्ही हातात बेस हाय, माझा हात रिकामा नाही.